न दिसणाऱ्या लाटांचा शोधक: जेम्स क्लार्क मॅक्सवेल

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका डोंगराळ वाडीवर उपासनेसाठीं गेलों होतों. उपासना आटोपल्यावर तेथील मंडळीचे एक वडील आम्हांस पडवींत बाजूला घेऊन बसले. त्यांचा मुलगा तालुक्याच्या कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकत आहे. सुट्टींत घरीं आला म्हणजे तो एक जाडजूड ग्रंथ उघडून वीज व चुंबक यांचीं गणितें सोडवीत रात्र रात्र बसतो. या विद्येनें पोराचा विश्वास आटून जाईल, असें बापास भय वाटत होतें. मुलाचें दुःख निराळेंच होतें. गणितें सुटत नाहींत, वर्गांतील शहरी मुलें त्याच्या बोलण्याला हंसतात, आणि आपण खेड्यांतले, आपल्याला हें साधावयाचें नाहीं, असें त्यानें मनाशीं धरलें होतें. त्या रात्रीं कंदिलाच्या उजेडांत आम्हीं त्या दोघांस एका पुरुषाची हकीकत सांगितली. तीच आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा जन्म १३ जून १८३१ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. घर ज्या रस्त्यावर होतें त्याचें नांव इंडिया स्ट्रीट असें आहे. परंतु जेम्सचें बालपण गेलें तें शहरांत नव्हे, तर ग्लेनलेअर नांवाच्या वडिलोपार्जित शेतवाडीवर. वडील वकिलीची परीक्षा झालेले, पण शेतीवाडींत व यंत्रांत मन रमणारे होते. आई देवभीरु व शहाणी होती. मुलाचें पहिलें शिक्षण तिनेंच केलें. पोर तीन वर्षांचें होतें तेव्हांपासून दिसेल त्या वस्तूविषयीं ही चालते कशी असें विचारी, आणि वरवरच्या उत्तरानें त्याचें समाधान होत नसे. घरांतील घंटांच्या तारा कोणत्या खोलींतून स्वयंपाकघराकडे कशा जातात हें त्यानें भिंतीभिंतीनें फिरून शोधून काढलें. आईनें त्यास पवित्र शास्त्रही तसेंच शिकविलें. आठव्या वर्षीं त्यास ११९ वें स्तोत्र, म्हणजे १७६ वचनें, मुखोद्गत होतें.

त्याच वयांत, १८३९ सालीं, आई पोटाच्या असाध्य रोगानें वारली. पुढें घरीं एक शिक्षक ठेवला, त्यानें मुलास मंद ठरवून मारझोड केली. दहाव्या वर्षीं जेम्स एडिंबरोच्या शाळेंत गेला, तो वडिलांनीं आपल्या कल्पनेनें शिवविलेला जाडाभरडा अंगरखा व चौकोनी टोकांचे बूट घालून. बोलणें खेड्यांतलें, कपडे खेड्यांतले. पहिल्याच दिवशीं पोरांनीं त्याची इतकी टर उडविली कीं तो फाटक्या कपड्यांनीं घरीं परतला. खुळा अशा अर्थाचें एक टोपणनांव त्यास चिकटलें व तें बरींच वर्षें राहिलें. त्यानें कोणावर डूख धरला नाहीं. चौदाव्या वर्षीं याच खुळ्या मुलानें टांचण्या व दोरा यांच्या साह्यानें अंडाकृती रेषा काढण्याची नवी रीत बसविली. दोन खुंट्यांस सैल दोरी बांधून माळी लांबट वाफा आंखतो, तीच युक्ति. पण दोरा एका टांचणीभोंवतीं अधिक वेळां फिरविला तर नव्या नव्या आकृति निघतात हें त्यानें गणितानें दाखविलें. १८४६ सालीं तो निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. लेखक लहान म्हणून वाचन प्रोफेसर फोर्ब्स यांनीं केलें.

एडिंबरो येथें तीन वर्षें शिकून १८५० सालीं मॅक्सवेल केंब्रिजला गेले. तेथील गणिताची परीक्षा त्या काळीं फार कठीण समजली जाई. तींत वरच्या वर्गांत येणारास रँग्लर म्हणत. हा शब्द आपल्या महाराष्ट्रांत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळें घरोघरीं पोहोंचला. ते १८९९ सालीं त्या परीक्षेंत पहिल्या जागेचे मानकरी झाले. मॅक्सवेल १८५४ सालीं दुसरे आले. पहिले आलेले एडवर्ड राउथ यांच्याशीं पुढच्या परीक्षेंत, म्हणजे स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेंत, त्यांनीं बरोबरी केली. या परीक्षेचे प्रश्न काढणारे एक परीक्षक जॉर्ज स्टोक्स होते. त्यांच्या आठव्या प्रश्नांत एक सिद्धांत सिद्ध करावयास सांगितला होता: एखाद्या कड्याच्या कांठाकांठानें मोजलेली गोष्ट आणि त्या कड्यावर ताणलेल्या पृष्ठांतून मोजलेली गोष्ट यांचा मेळ कसा बसतो. आज जगांतील प्रत्येक विद्यार्थी तो स्टोक्सचा सिद्धांत म्हणून शिकतो. मॅक्सवेल यांनीं पुढें आपल्या मोठ्या ग्रंथांत हाच सिद्धांत वापरला आणि त्या परीक्षेंतील प्रश्नाचा नांवानिशीं उल्लेख केला. परीक्षा संपली म्हणून त्यांनीं प्रश्न टाकून दिला नाहीं, हें आमच्या तरुण वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

परीक्षा होतांच त्यांनीं विजेचा विषय हातीं घेतला. त्यांनीं एक निश्चय केला कीं या विषयावरील गणिताचीं पुस्तकें वाचण्यापूर्वीं मायकेल फॅरडे यांचे प्रयोगांचे ग्रंथ आरंभापासून वाचावयाचे. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. त्यांनीं पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारी केली, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून ते शिकले. लंडनमधील एका लहानशा मंडळीचे ते वडील होते. गणित त्यांस जवळजवळ येतच नव्हतें. तथापि ज्या वर्षीं मॅक्सवेल जन्मले त्याच १८३१ सालीं फॅरडे यांनीं दाखविलें होतें कीं तारेच्या वेटोळ्यांत चुंबक आंतबाहेर हालविला तर तारेंत वीज उत्पन्न होते. आज धरणावर जी वीज तयार होते ती याच नियमानें.

फॅरडे यांची दुसरी कल्पना पंडितांस रुचत नव्हती. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरावा आणि कागदास टिचकी मारावी, म्हणजे कीस वळणावळणाच्या रेघांत मांडला जातो. पंडित म्हणत कीं चुंबकाची शक्ति मधली जागा ओलांडून एकदम दूरच्या लोखंडास धरते; मधल्या जागेंत कांहीं नाहीं. फॅरडे म्हणत कीं मधल्या जागेंतच सर्व कांहीं घडतें, ती जागा रेषारेषांनीं ताणलेली असते. अशा जागेस शास्त्रांत क्षेत्र म्हणतात. क्षेत्र म्हणजे आपलें शेतच. शेतांत रोप दिसो वा न दिसो, मातींत ओल सर्वत्र असते. रोप ज्या ठिकाणीं लावाल त्या ठिकाणच्या ओलीवर तें वाढतें. तसें चुंबकाभोंवतालच्या प्रत्येक जागीं कांहीं बळ आहे, सुई तेथें ठेवल्यावर तें कळतें, एवढेंच.

मॅक्सवेल यांनीं या निरक्षरगणिती पुरुषाच्या रेषा गणिताच्या भाषेंत उतरविल्या आणि १८५५ व १८५६ सालीं तो निबंध केंब्रिज येथें वाचला. फॅरडे त्या वेळीं साठी उलटलेले होते. त्यांस फार आनंद झाला. त्यांनीं पत्रांत अशी विनंतीही केली कीं गणित्यांनीं आपले निष्कर्ष साध्या बोलींतही मांडावेत, म्हणजे इतरांसही त्यावर काम करतां येईल. जे शिकविण्याचें काम करतात त्या आमच्या बंधूंनीं ही विनंती आपणांसही लागू समजावी.

पुढचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १८५६ च्या एप्रिलांत वडील वारले. त्याच वर्षीं मॅक्सवेल ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजांत प्रोफेसर झाले. शनीचीं कडीं एकसंध नसून असंख्य लहान लहान तुकड्यांचीं आहेत हें गणितानें दाखवून त्यांनीं केंब्रिजचें ॲडम्स पारितोषिक मिळविलें. १८५८ सालीं कॉलेजच्या मुख्याध्यापकांची कन्या कॅथरिन ड्युअर हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. १८६० सालीं गांवांतील दोन कॉलेजें एक करण्यांत आलीं, आणि एकाच विषयाचे दोन प्रोफेसर नकोत म्हणून मॅक्सवेल यांची जागा गेली. एडिंबरो येथें अर्ज केला, तेथें त्यांचे बाळमित्र टेट निवडले गेले. त्याच वर्षीं देवी निघून ते मरणाच्या दारीं पोहोंचले; पत्नीनें शुश्रूषा करून त्यांस वांचविलें. शिकविण्यांतही त्यांची मोठी कीर्ति नव्हती. फळ्यावर गणित करतांना त्यांच्या हातून चुका होत. जगांतील पहिल्या प्रतीचा गणिती फळ्यावर चुकतो, पुसतो व पुनः मांडतो, हें ऐकून आमच्या त्या वाडीवरील तरुणाच्या तोंडावर प्रथमच हंसूं आलें.

त्याच वर्षीं त्यांस लंडनच्या किंग्ज कॉलेजांत जागा मिळाली, आणि तेथेंच त्यांच्या आयुष्यांतील मोठें कोडें सुटलें. तें आम्ही आजच्या पाठ्यपुस्तकांत सांगतात त्या रीतीनें सांगतों. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तारेभोंवतीं चुंबकाचें बळ उत्पन्न होतें. नियम असा कीं तारेभोंवतीं एक कडें कल्पावें व त्या कड्यावर डफाच्या कातड्याप्रमाणें कांहीं ताणावें. त्या कातड्यांतून जितकी वीज आरपार जाईल तितकें कड्याच्या कांठानें चुंबकबळ मिळेल. आतां ती तार मध्येंच तोडून दोन्ही टोकांस दोन पत्रे लावावे व ते एकमेकांस न शिवतां समोरासमोर ठेवावे. वीज सोडली कीं क्षणभर ती पत्र्यांपर्यंत वाहते व पत्रे भरतात. कड्यावर डफासारखें सपाट कातडें असेल तर त्यांतून तार जाते, म्हणून बळ आहे. त्याच कड्यास डफाऐवजीं लांब झोळी शिवली आणि झोळीचा तळ दोन पत्र्यांच्या मधून नेला, तर झोळींतून एकही तार जात नाहीं, म्हणून बळ नाहीं. कडें तेंच, क्षण तोच, आणि नियम दोन उत्तरें देतो! दोन्ही उत्तरें खरीं असूं शकत नाहींत.

मॅक्सवेल यांचें उत्तर असें कीं पत्र्यांमधील जागा रिकामी दिसली तरी निष्क्रिय नाहीं. पत्रे भरत असतांना तेथील विद्युत्क्षेत्र वाढत असतें, आणि क्षेत्राचें हें वाढणेंच वाहत्या विजेप्रमाणें चुंबकबळ उत्पन्न करतें. हें पद नियमांत मिळविलें कीं डफ व झोळी यांचीं उत्तरें एक होतात. या उत्तरापर्यंत मॅक्सवेल स्वतः दुसऱ्या वाटेनें आले होते. त्यांनीं सर्व जागा भोंवऱ्यांनीं व त्यांमधील लहान चाकांनीं भरलेली कल्पिली होती. विहिरीची कमान बांधतांना गवंडी खालीं लाकडी आधार देतो व चुना धरल्यावर तो काढून घेतो. तसें त्यांनीं पुढें तीं चाकें काढून घेतलीं व गणित तेवढें उभें राहिलें.

यांतून एक आश्चर्य निघालें. चुंबकक्षेत्र बदललें कीं विद्युत्क्षेत्र उत्पन्न होतें, हें फॅरडे यांनीं दाखविलें होतें. विद्युत्क्षेत्र बदललें कीं चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें, हें आतां मॅक्सवेल म्हणूं लागले. म्हणजे एक दुसऱ्यास उठवील, दुसरें पहिल्यास, आणि अशी लाट तारेवांचून पुढें पुढें जात राहील. तिचा वेग किती? १८६१ च्या उन्हाळ्यांत ते ग्लेनलेअर येथें होते. सूत्र तेथें तयार झालें, पण आंकडे नव्हते. वेबर व कोलराउश या जर्मन शोधकांनीं १८५६ सालीं केलेलीं मापनें त्यांनीं लंडनला परतल्यावर पाहिलीं व आंकडे सूत्रांत घातले. लाटेचा वेग निघाला सेकंदास १,९३,०८८ मैल. फ्रान्सांत फिझो यांनीं प्रकाशाचा वेग मोजला होता, तो त्यांनीं घेतलेल्या आंकड्याप्रमाणें १,९५,६४७ मैल होता. शंभरांत दीड भागाचाही फरक नव्हता. (आजचें अचूक माप १,८६,२८२ मैल, म्हणजे २,९९,७९२ किलोमीटर आहे.) मॅक्सवेल यांनीं अनुमान काढलें कीं प्रकाश ही विजेची व चुंबकाचीच लाट आहे. डिसेंबर १८६४ मध्यें त्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वीस समीकरणांत हा सर्व सिद्धांत मांडला.

यानंतर कोणी राजधानींत राहून मान मिळविला असता. मॅक्सवेल १८६५ सालीं नोकरी सोडून आपल्या शेतवाडीवर परतले. कॉर्सॉक येथील मंडळीचे ते वडील होते, आणि तिच्या उपासनामंदिराच्या कायमच्या उत्पन्नासाठीं त्यांनीं स्वतःच्या पदरचा पैसा दिला. रोज सायंकाळीं घरांतील माणसें व गडी यांस जमवून ते प्रार्थना चालवीत. गांवांत कोणी आजारी असेल तर जाऊन जवळ बसत, वाचून दाखवीत, प्रार्थना करीत. याच काळांत त्यांच्या दोन भागांच्या मोठ्या ग्रंथाचें लेखन चालू होतें. तो १८७३ सालीं छापून निघाला. आजारी शेजाऱ्याची खाट आणि तो ग्रंथ या दोहोंमध्यें त्यांस विरोध दिसला नाहीं.

१८७१ सालीं केंब्रिजनें त्यांस नव्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या उभारणीसाठीं बोलाविलें. ती १८७४ सालीं सुरू झाली. त्या सुमारास एका बिशपांनीं त्यांस उत्पत्तीच्या पुस्तकांतील प्रकाशाविषयीं विचारलें. सूर्याच्या आधींचा तो प्रकाश व विज्ञानवेत्त्यांचा आकाशतत्त्वाचा तर्क यांची सांगड घालतां येईल काय, असा प्रश्न होता. मॅक्सवेल यांनीं सावध केलें. त्यांचें म्हणणें असें कीं विज्ञानाचे तर्क बदलत असतात, आणि आजच्या तर्कावर शास्त्राचा अर्थ टांगला तर तर्क पडल्यावर अर्थही पडल्यासारखा वाटेल. ज्या ईथर नांवाच्या सूक्ष्म पदार्थांतून प्रकाश जातो असें ते स्वतः मानीत, तो तर्कच १९०५ नंतर शास्त्रज्ञांनीं सोडून दिला. समीकरणें मात्र जशींच्या तशीं राहिलीं. नव्या शोधाची बातमी आली कीं लगेच तिच्यावर उपदेश बांधणाऱ्या आम्हां उपदेशकांस हा धडा आहे. आम्ही स्वतः ही चूक केली आहे.

१८७९ सालीं त्यांस पोटाचा तोच रोग जडला ज्यानें चाळीस वर्षांपूर्वीं आई गेली होती. पत्नी पुष्कळ काळ आजारी असे व तिच्या उशाशीं ते रात्री काढीत. आतां स्वतःच अंथरुणास खिळले. ऑक्टोबरच्या आरंभीं डॉक्टरांनीं सांगितलें कीं महिनाभराचेंच आयुष्य उरलें आहे. त्यांनीं तें शांतपणें ऐकलें. चिंता केली ती पत्नीची. ५ नोव्हेंबर रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्यांनीं केंब्रिज येथें देह ठेविला. ग्लेनलेअरजवळच्या पार्टन गांवच्या लहानशा स्मशानांत आईबापांपाशीं त्यांस पुरलें आहे. मूलबाळ नव्हतें.

ते गेले तेव्हां त्यांच्या लाटेचा प्रत्यक्ष पुरावा कोणाजवळही नव्हता. पुष्कळ विद्वानांस त्यांचीं समीकरणें उमगलीं नव्हतीं. ऑलिव्हर हेविसाइड नांवाच्या, लहानपणींच शाळा सोडून तारयंत्रावर काम केलेल्या माणसानें घरीं बसून तो ग्रंथ स्वतःच अभ्यासला आणि १८८५ च्या सुमारास त्या समीकरणांस आजचें चार ओळींचें रूप दिलें. १८८७ व १८८८ सालीं जर्मनींत हाइनरिख हर्ट्‌झ यांनीं खोलीच्या एका बाजूस ठिणगी पाडून दुसऱ्या बाजूच्या तारेच्या कड्यांत ठिणगी उठविली. मध्यें तार नव्हती. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं अशाच लाटांनीं दूरची घंटा वाजवून दाखविली. आज त्या वाडीवरचे लोक मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवरच्या वडापाशीं चढून जातात, तेथें येऊन पोहोंचते ती तीच लाट.

हकीकत संपली तेव्हां वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं कंदिलाची वात वाढविली आणि तो कंदील मुलाच्या पुस्तकाजवळ सरकविला. मुलगा झोळीचें गणित पुनः मांडूं लागला. आम्ही निजलों तेव्हां तें सुटलें नव्हतें. पण पाटी पुसून तो पुनः आरंभ करीत होता.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरांत असें मूल आहे त्यांनीं त्याच्या दिव्यांत तेल घालावें. आणि ज्यांनीं वर्षानुवर्षें एखाद्या वाडीवर काम केलें व फळ पाहिलें नाहीं, त्यांनीं पार्टनच्या त्या साध्या थडग्याची आठवण ठेवावी. पेरणारा पीक पाहण्यापूर्वींच निजला, पण पीक आलें.